शंभर शिंपी

उदाजीराजांनी स्वतःच्या हाताने हुकूम लिहिला, आणि सांबरगडातले शंभर शिंपी दोरखंडाने बांधून राजवाड्याच्या चौकात आणले गेले.

हुकूम असा होता : 'आमच्या लाखेच्या चौरंगावर नक्षी करण्यासाठी शंभर शिंपी आणावे. ते फोडून, घासून, कागदासारखे पातळ करून लाखेत बसवावे. दसऱ्याला आम्ही त्यावर बसू.'

महाराजांच्या मनात होत्या त्या समुद्रातल्या चकचकीत शिंप्या. एक असली तर शिंपी, शंभर असल्या तर शिंप्या, हे राज्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महाराजांना तेवढं ठाऊक नव्हतं. आणि शंभर शिंपी म्हटलं की कपडे शिवणारेच!

पण सांगणार कोण? मागच्या साली महाराजांनी 'बाग'च्या जागी 'वाघ' लिहिलं होतं. राजवाड्यामागे तो वाघ अजून आहे. माळी रोज त्याला पाणी घालतो. लांबूनच.

त्रिंबकपंत कारभारी कंबरेत वाकून म्हणाले, "महाराज, शेवटी एक 'या' राहिला असावा..."

"राहिला? आमच्या हातून?"

"छे छे! माझेच डोळे गेले, महाराज!"

महाराजांनी बांधलेल्या शिंप्यांकडे पाहिलं. चूक त्यांना कळली होती. पण कळली म्हणून कबूल करायची, तर राजा कशाला व्हायचं?

"आमचं लिहिलेलं अक्षर फिरत नाही! तुकू चितारी, उद्या सकाळी कामाला लाग. नाहीतर आधी तुलाच फोडू!"

तुकू चितारी, लाखकाम करणारा म्हातारा, पटाशी धरून उभा राहिला. त्याच्या पायाशी बांधून बसवलेला बाबल शिंपी म्हणाला, "तुकूदा, घासायचंच आहे तर पाठीपासून सुरू कर रे. सकाळपासून खाज सुटलीय, हात बांधलेत!"

तुकूची मुलगी येसू हे सगळं ऐकत होती. तिने टोपली उचलली आणि तडक समुद्राची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. येसूने महाराजांसमोर टोपली पालथी केली. खळखळ आवाज झाला.

"हे काय?"

"शंभर शिंपी, महाराज. मोजून घ्या."

"शिंपी? अगं मूर्ख पोरी, या शिंप्या आहेत!"

"कालपर्यंत होत्या, महाराज!" येसू म्हणाली. "ती शिंपी, त्या शिंप्या, असं आम्ही अडाणी लोक म्हणत होतो. पण महाराजांचं अक्षर चुकत नाही. म्हणजे आमची भाषाच चुकत होती. आपण हुकूम लिहिलात आणि समुद्रातल्या झाडून सगळ्या शिंप्या पुरुष झाल्या! आता तो शिंपी, ते शिंपी. हे शंभर शिंपी माझे बाबा फोडतील, घासतील, कागदासारखे पातळ करतील. हुकमाचं एक अक्षर फिरवायचं नाही!"

महाराजांच्या मिशा हलू लागल्या.

"मग हे बांधलेत ते कोण?"

"हे कपडे शिवतात, महाराज. हुकमात शिवण्याचं नावसुद्धा नाही. पंतांनी भलतेच शिंपी आणले!"

महाराजांना एवढंच हवं होतं. ते पंतांवर गरजले, "पंत! कुठला शिंपी आणायचा, इतकंही तुम्हाला कळत नाही?"

"नाही कळत, महाराज!" पंत आनंदाने म्हणाले. "कधीच कळलं नाही!"

दोर सुटले. बाबल शिंप्याने सगळ्यात आधी पाठ खाजवली.

"पोरी," महाराज खूश होऊन म्हणाले, "तू आमचं अक्षर राखलंस. तुला मोठं इनाम देतो. पंत, दौत आणा! आम्ही स्वतः लिहून..."

"नको, महाराज!" येसूने घाईघाईने हात जोडले. "द्यायचं ते हातात द्या. लिहू नका!"

महाराज असे खदाखदा हसले, की राजवाड्यामागच्या वाघाने दचकून डरकाळी फोडली आणि माळ्याच्या हातातली घागर पडून फुटली. हसता हसताच महाराजांनी दौत दूर सारली आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या रिकाम्या टोपलीत टाकलं.