पंचाहत्तर वॉट

“...पण तो आलाच नसेल, तर अजून किती हाका मारू, चाचा?”

गच्चीच्या कठड्याला टेकून मुजावरचाचा अँटेनाच्या काड्या फडक्याने पुसत होते.

मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या वस्तीत त्यांचे घर. शेजारच्या गच्चीवर सतारीचे भोपळे उन्हात मांडलेले. अकरा वाजत आले होते.

अल्लाबक्ष मुजावर पोलिसांच्या बिनतारी खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शिक्षण सातवी. उपग्रहावरून बोलणारे हौशी रेडिओवाले लांबलांबून त्यांना विचारायला येतात. मी डॉक्टरेट घेऊन एकतीस वर्षे दूरसंचार शिकवले. त्या दिवशी मीही विचारायलाच गेलो होतो. फक्त ते स्वतःशी कबूल करायची तयारी नव्हती. म्हणून बरोबर लॅपटॉप नेला होता, नवा रेडिओ नेला होता, आणि त्याची ताकद पंचाहत्तर वॉटवर नेणारा अ‍ॅम्प्लिफायरही.

“ते कार्ड वाचा बगू परत.”

मी वाचले. वसतिगृहातल्या माझ्या जुन्या मित्राचे, थंगवेलूचे, अक्षर जराही बदलले नव्हते.

‘फोन करू नकोस. बोलायचे असेल तर जुन्या उपग्रहावर ये. येते चार गुरुवार सकाळी मी तिथे असेन. नंतर मुलीकडे परदेशी जातो आहे, कायमचा. तिथे अँटेना लावू देत नाहीत.’

“आज कितवा गुरुवार?”

“चौथा.”

“आन बोलणं कवापासनं बंद?”

“बावीस वर्षं.”

“कशावरनं?”

“एक शोधनिबंध होता. काम दोघांचं होतं. नाव एकाचंच छापलं गेलं.”

“कुणाचं?”

“...माझं.”

चाचांनी पुसलेली काडी डोळ्यासमोर धरली. सरळ आहे का पाहिले.

“छापलं गेलं, का छापलंत?”

मी लॅपटॉप उघडला.

...

हा उपग्रह फार जुना. त्याची बॅटरी केव्हाच गेली. अंगावर ऊन असेपर्यंतच तो जागा राहतो. जमिनीवरून कोणीही त्याला आवाज द्यावा, तो आवाज उपग्रह रेडिओलहरींच्या दुसऱ्या पट्ट्यात सगळ्यांकडे खाली पाठवतो. आपण पाठवलेलेही आपल्याला त्याच क्षणी परत ऐकू येते. आठदहा जण एकाच वेळी बोलू शकतात. चाचा त्याला ‘म्हातारं’ म्हणतात.

“उगवलं बगा म्हातारं,” ते म्हणाले.

अँटेना त्यांनी हातातच धरला होता. स्टँड नाही, मोटार नाही. मी लॅपटॉपवर बघून दिशेचे कोन सांगू लागलो. दोन आकडे सांगितले आणि गप्प झालो. माझ्या आकड्याच्या आधीच त्यांचे मनगट तिथे पोहोचलेले असे.

मी बटण दाबले.

हाक मी लॅपटॉपमध्ये भरून ठेवली होती. बटण एकदा दाबले की तो ती मोर्समध्ये पाठवत राही. थंगवेलूची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची अक्षरे, मग माझी कॉल साइन. दोन सेकंद थांबायचे, पुन्हा तेच. हात थरथरला तरी चुकायची भीती नाही. मागचे तीन गुरुवार घरून मी असेच केले होते.

स्पीकरमधून माझी टकटक परत आली. ठणठणीत, कोरीव. ती ऐकून मला नेहमीसारखा धीर आला.

पुन्हा गेली. पुन्हा आली.

पुन्हा.

“डॉक्टर,” चाचा म्हणाले, “आभाळाला भाषण देताय व्हय?”

“हाक मारतोय.”

“कोन कोन हाय वर?”

“कोणीच नाही. एकही स्टेशन नाही.”

“गुरुवार हाय. ऊन हाय. आन अख्ख्या हिंदुस्थानात आज एक माणूस रेडिओला बसलेला न्हाई म्हनता?”

“मला तरी फक्त मीच ऐकू येतोय.”

“ते तर मलाबी येतंय. शेजारच्या भोपळ्यास्नी पण येत असंल.”

मी आवाजाचे बटण जरा कमी केले. हाक चालूच ठेवली. लॅपटॉपवर उपग्रह माथ्याच्या जवळ आलेला दिसत होता. म्हणजे उरलेला वेळ गेलेल्या वेळाइतकाच.

“म्हाताऱ्याच्या अंगात ताकद किती, डॉक्टर?”

“दोन वॉट. आता तेवढीही नसेल.”

“सगळ्यांस्नी मिळून?”

“सगळ्यांना मिळून.”

“आन तुमी घालताय किती?”

“पंचाहत्तर.”

“मग म्हातारं काय करतंय?”

मला उत्तर येत होते. एखादा फार जोरात आला की उपग्रह स्वतःचे कान आखडून घेतो. सगळ्यांसाठीच. मग जोरात येणारा तेवढा ऐकू येतो, बाकीचे खरखरीत बुडून जातात, आणि तो थांबला तरी उपग्रहाला सावरायला चारपाच सेकंद लागतात. हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी परीक्षेला घालत असे. आठ गुणांचा.

माझी हाक दर दोन सेकंदांनी जात होती.

“चाचा...”

ते वाट पाहत होते.

“चाचा, सगळ्यांना दाबून मीच बसलोय.”

उजव्या हातातला अँटेना तसाच उपग्रहावर धरून त्यांनी डाव्या हाताने माझ्या लॅपटॉपची वायर उपटली. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. मग पायानेच एक लाकडी पाट माझ्याकडे सरकवला. पाटावर मोर्सची पितळी कळ बसवलेली होती, बोटांनी झिजलेली.

“हातानं.”

“माझा हात आता स्थिर नसतो.”

“मग त्येला वळखायला सोपं जाईल. आन ताकद कमी करा.”

मी कळ दाबत ती दहा वॉटवर आणली.

“अजून.”

पाच.

“अजून.”

“चाचा, आता मला मीच ऐकू येत नाही!”

“आता ऱ्हावा थांबून.”

मी थांबलो. स्पीकरमध्ये नुसती खरखर. मी घड्याळाकडे पाहिले. त्यांनी मान हलवून नको म्हटले.

एक... दोन... तीन...

आधी एक बाई हसल्या. कुठल्याशा डोंगराळ गावातून बोलत होत्या. संत्री पिकली का म्हणून त्यांना कोणी विचारत होते. बाजूला कोणी हिंदीत आपल्या अँटेनाची लांबी सांगत होता आणि दुसरा त्याला, लांबी कसली सांगतोस, वाकलाय तो आधी सरळ कर, म्हणत होता. बटण आणखी वर फिरवले तर एक अगदी पोरगेला आवाज स्वतःचे नाव अक्षर-अक्षर फोडून सांगत होता.

सगळी गच्ची माणसांनी भरून गेल्यासारखी झाली.

ही सगळी माणसे मागचे तीन गुरुवारही होती.

“खाली,” चाचा कुजबुजले. “जरा खाली फिरवा.”

मी बटण केसभर फिरवले.

बारीक टकटक. इतकी बारीक की आधी वाटले, माझ्याच कानात होते आहे. मग शेवटचा दीर्घ ठोका ऐकू आला. गरजेपेक्षा लांब, ओढलेला. वसतिगृहात सगळे त्यावरून त्याची थट्टा करत.

थंगवेलू.

तो माझी कॉल साइन पाठवत होता. पाठवायचा, थांबायचा. पाठवायचा, थांबायचा. थांबायचा तो बराच वेळ थांबायचा.

मी कळ दाबली. अक्षरे वाकडीतिकडी गेली. एवढेच पाठवले: ‘मी आहे. ऐकतोय.’

पलीकडून ठोके आले, सावकाश.

‘तीन आठवडे... उत्तर देतोय. तू... थांबतच नाहीस.’

मी चाचांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचा हात उपग्रहामागोमाग दक्षिणेकडे कलत चालला होता. आता कठड्याच्या जरासा वर.

“चार मिनिटं हायत,” ते म्हणाले. “घाई करू नका.”

बावीस वर्षांत मी ते वाक्य अनेक तऱ्हांनी रचले होते. त्यात परिस्थिती होती, संपादकांची घाई होती, टंकलेखकाची चूक होती. त्यातले एकही एवढ्याशा ताकदीवर जाण्याजोगे नव्हते.

मी कळीवर बोट ठेवले.

‘नाव मी काढले. मुद्दाम. चूक माझी.’

खरखर.

चाचा कठड्याशी वाकले. आता अँटेना भोपळ्यांवरून जमिनीला समांतर झाला होता. त्यांचा दंड कापत होता, पण अँटेना हलत नव्हता.

खरखरीतून एकच अक्षर आले. ठिपका, रेघ, ठिपका. मोर्स जाणणाऱ्यांत त्याचा अर्थ, मिळाले. मधली रेघ लांब ओढलेली.

मग काही नाही. म्हातारे क्षितिजाखाली गेले.

चाचांनी अँटेना भिंतीला टेकवला, खांदा चोळला आणि खाली बसून वायर गुंडाळू लागले. मीही बसलो. मला ते अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येत होते, आणि दर वेळी वाटत होते, कदाचित दुसरेच कोणाचे असेल. कदाचित त्याला अर्धेच गेले असेल.

“चाचा...”

“बोला की.”

“एवढ्या कमी ताकदीत... माझं त्याच्यापर्यंत नीट पोहोचलं असेल ना?”

वायरचा शेवटचा वेढा घालून त्यांनी गाठ मारली.

“तुमचं तर तीन आठवडे पोचतच हुतं की, डॉक्टर.”