तहानलेला थेंब

“...आणि पाचव्यांदा लावल्यावर?”

“पोरीचा चेहरा आणखी ताणला गं, माय. आता हसली तरी गाल तडतडतात. नाकाच्या कडेने सालं निघतायत.”

भागूमाय ‘हं’ म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. टेकडीवरच्या मठात ती एकटीच राहायची. खालच्या गावची अर्धी दुखणी तिच्या ओट्यावर येऊन बसायची.

आज समोर बसलेली उज्ज्वला मात्र इतक्या वर्षांत एकदाही चढली नव्हती. तिला काय गरज? तालुक्याच्या गावी स्वतःचं पार्लर, हाताखाली चार मुली, भिंतीवर काचेत तीन प्रमाणपत्रं. पण तिच्या धाकट्या बहिणीची, केतकीची हळद आता परवावर आली होती. आई गेल्यापासून केतकीला तिनेच वाढवलेलं. ताई देईल ते त्या पोरीने डोळे मिटून तोंडाला लावलं. आणि काल आरसा पालथा घालून तिने विचारलं, “ताई, लग्न पुढे ढकलता येईल का?”

तो प्रश्न घेऊनच उज्ज्वला आज टेकडी चढली होती.

“लावतेस काय?” मायने विचारलं.

“हायल्युरॉनिक अ‍ॅसिड.” एवढ्या काळजीतही तिला पार्लरमधला आवाज लागला. “नाव अ‍ॅसिड असलं तरी भाजत नाही हं. नुसतं पाणी धरतं. स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी ओढून घेतं म्हणतात.”

“हजारपट?”

“हजारपट.”

“आणि लावतेस कसं?”

“अगदी पद्धतशीर. चेहरा धुवायचा. टिपून टिपून खडखडीत कोरडा करायचा. एसी फुल्ल. मग थेंब. वरून क्रीमबिम काही नाही, औषधाच्या कामात लुडबुड नको.”

“पाणी कुठून ओढतं?”

“हवेतून.”

मायने ओट्याबाहेर पाहिलं. वैशाखातली दुपार. मघाशी दोरीवर टाकलेलं लुगडं वाळून पापडासारखं झालं होतं.

“हवेत आहे?”



उज्ज्वलाला तोंडात उत्तर तयार ठेवायची सवय. आज तिने नुसतं दोरीवरच्या लुगड्याकडे पाहिलं.

ओट्याच्या कडेला नव्या माठाचे तुकडे पडले होते. बिचारा पाणी भरायच्या आधीच सकाळी फुटला होता. मायने एक खापरी उचलली, पदराने स्वच्छ पुसली.

“जीभ काढ.”

“काय?”

“काढ, बाई.”

तीन प्रमाणपत्रांची मालकीण मुकाट्याने जीभ काढून बसली. मायने खापरी जिभेवर टेकवली आणि हात सोडला.

खापरी पडली नाही. चिकटून बसली. जिभेवरची ओल ओढून घेतेय, हे उज्ज्वलाला स्पष्ट कळत होतं. सोडवली तेव्हा तिथे जीभ कोरडी ठणठणीत.

मायने तीच खापरी तांब्यातल्या पाण्यात टाकली आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. मूठभर निवडून झाले, तेव्हा ती बाहेर काढली.

“आता काढ.”

या वेळी खापरी जिभेवरून घसरली आणि मांडीवर पडली.

उज्ज्वलाने ती ओली खापरी हातात घेतली.

“म्हणजे ते औषध केतकीच्याच गालांतलं पाणी ओढत होतं? आणि मी... दिवसातून पाच पाच वेळा...”

“रडायचं ते नंतर रड,” माय म्हणाली. “पोर घरी एकटी आहे.”

संध्याकाळी उज्ज्वलाने घरातला एसी बंद केला. केतकीचा चेहरा धुतला, पण टॉवेलला हात लावला नाही. ओल्या गालांवर थोडेच थेंब. गाल ओलसर आहेत तोवर वरून साधं क्रीम, ओल उडून जाऊ नये म्हणून.

“चरचरेल का गं?” केतकीने डोळे घट्ट मिटून घेतले.

नाही चरचरलं.

सकाळी केतकीने मोठी जांभई दिली आणि मधेच थांबली. गाल चाचपले.

“ताई, ओढ बसली नाही!”

उज्ज्वला चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून पोटभर रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हळदीपर्यंत सालं निघायची थांबली. नाकाजवळ जराशी लाली उरली होती, तीही पिवळ्या हळदीत कुणाला दिसली नाही. नवरी फोटोत सगळे दात दाखवून हसली.

लग्न पार पडल्यावर उज्ज्वला पेढे घेऊन टेकडी चढली.

“माय, एक विचारू? हे औषध तुला आधी ठाऊक होतं?”

“नाव तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.”

“मग तुला कळलं कसं? मी तीन ठिकाणी शिकले. बाटलीवर ‘ओल्या चेहऱ्यावर लावा’ असं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. तरी मला...”

मायने पेढा मोडला. अर्धा तिच्या हातावर ठेवला.

“तूच तर सांगत होतीस, लेकी. मी ऐकलं.”