फाटक्या पंखांचा पहारा

एका डोंगराच्या उतरणीवर बेहड्याचं जुनं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांचं एक लहानसं राज्य नांदत होतं. लहानसं म्हणजे किती लहान? समोरच्या कड्यावर आग्यामोहोळ लटकलेलं असे. तिथल्या माश्या उठल्या की खालची गुरं शेपट्या वर करून पळत. आणि आमच्या ढोलीतल्या सगळ्या माश्या एकदम उठल्या, तरी शेजारच्या फांदीवरचा सरडा मान वळवून बघेल याची खात्री नव्हती. मुलांनो, लहान राज्याची गोष्ट सांगणं अवघड असतं, कारण तिच्यात पराक्रम थोडा आणि काटकसर फार. तरी ऐका. चुळबुळ नको.

मधमाशीला नांगी एकच असते आणि मोठ्या जनावरावर ती एकदाच वापरता येते. वानराच्या किंवा अस्वलाच्या कातडीत ती रुतली की तिथेच अडकते, आणि माशी मरते. म्हणजे या राज्यात एक शस्त्र वापरलं की एक सैनिक गेलाच. तिच्या जागी दुसरी माशी तयार करायची तर अळी असल्यापासून तिला भरवा, मोठी करा, कामं शिकवा. त्याला वेळ लागतो आणि मधही लागतो.

कामाची रीत तिथे वयाप्रमाणे होती. लहान माशीने आधी घरं साफ करायची, मग अळ्यांना भरवायचं, मग मेणाचं बांधकाम, त्यानंतर थोडे दिवस दारावर पहारा, आणि शेवटी फुलांवर. फुलांवर जाऊन जाऊन पंख फाटले, उडवेना झालं, की ती माशी एके दिवशी चालत दारातून बाहेर पडे आणि परत येत नसे. तिला कुणी हाकलत नसे. कुणी थांबवतही नसे. जी आणत नाही तिने खाऊ नये, असा त्यांचा जुना कायदा होता आणि तो कुणाला कडक वाटत नसे.

त्या वर्षी जांभळीचा मोहोर ऐन भरात आला आणि गारांनी एका दुपारात झोडपून काढला. कोठार निम्मंही भरलं नाही. कोठाराचं काम एका काटेकोर माशीकडे होतं, तिला सगळ्या कोठारीण म्हणत. पुढे चार महिन्यांचा पाऊस, बाहेर उडायची सोय नाही, आणि आत इतकी तोंडं. ती दिवसातून दोनदा भरलेली घरं मोजत असे.

त्यातच बातमी आली की ओढ्यापलीकडचं एक मोहोळ अस्वलाने साफ केलं. फुलांवर गेलेल्या एका माशीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पोळी खाली पडलेली, राणी चिरडलेली, आणि उरलेल्या चार माश्या त्या चिखलात राणीला शोधत फिरत होत्या.

हे ऐकून पहाऱ्यावरच्या माश्यांची म्होरकी तडक कोठारात आली. ही म्होरकी धीट होती, कामाला चोख होती, पण तिला समोरच्या आग्यामोहोळाचा भारी हेवा.

"दारावर साठ माश्या आहेत. मला सव्वाशे हव्यात," ती म्हणाली.

कोठारीण म्हणाली, "तेवढ्या माश्या फुलांवर गेल्या नाहीत, तर पावसाळ्यात खायचं काय? नांग्या?"

"आणि अस्वल आलं तर? तू साठवलेल्या मधाची त्याला पंगत वाढायची का?"

दोघींचंही खरं होतं. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करता येतं, पण दोघी बरोबर बोलत असल्या की भांडण मिटता मिटत नाही. दोघी तणतणत आपापल्या कामाला गेल्या आणि ठरलं काहीच नाही.

त्याच दुपारी एक म्हातारी माशी पायऱ्या चढल्यासारखी हळूहळू पोळ्यावरून दाराकडे निघाली होती. पंखांच्या कडांच्या चिंध्या झालेल्या. कोठारीणीने तिला ओळखलं. कोठारीण अळी असताना हिनेच तिला भरवलं होतं.

"निघालीस?" कोठारीणीने विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

"निघाले बाई. रीतच आहे ती," म्हातारी म्हणाली. चार पावलं गेली आणि थांबली. "एक विचारू? माझे पंख फाटलेत, नांगी नाही फाटली. ती अशीच बाहेर नेऊन टाकायची का?"

कोठारीण मनात मधाचा हिशेब करू लागली.

"उडणाऱ्या माशीला लागतो तेवढा मध मला नको. जागेवर बसणारीला तिसरा हिस्सा पुष्कळ होतो. दाराच्या आतल्या पोळ्यावर बसेन. वेळ आली तर उठेन, नाही आली तर तशीच मरेन."

कोठारीणीने तिला जाऊ दिलं नाही. म्होरकीला बोलावलं आणि म्हणाली, "तुला माश्या हव्यात ना? या घे. ज्यांचे पंख फाटतील, त्या सगळ्या यापुढे राखीव."

म्होरकीला हसू आलं. "यांना धड उडता येत नाही, या लढणार?"

म्हातारी म्हणाली, "अस्वल आपल्या दारात येतं ना? मग त्याच्याकडे उडत कशाला जायला हवं?"

म्होरकीने बाजूला होऊन म्हातारीला वाट करून दिली.

दिवस जात होते तशा पंख फाटलेल्या माश्या दाराच्या आतल्या त्या खालच्या पोळ्यावर जमत गेल्या. वीस झाल्या, ऐंशी झाल्या, दोनशे झाल्या. आता हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. फुलांवर राबणाऱ्या माश्या येता-जाता टोमणे मारत. "खायला काळ आणि भुईला भार," एकजण तर अगदी तोंडावर म्हणाली. तिसरा हिस्सा झाला तरी मध तो मधच. तो वाचवायला कोठारीणीला अळ्यांच्या घरांच्या दोन ओळी रिकाम्या ठेवायला लावाव्या लागल्या. त्या रिकाम्या घरांवरून जाताना तिला वाईट वाटे. आपण करतो ते बरोबर की चूक, हे तिला तेव्हा कळत नव्हतं आणि ती तसं कबूलही करत असे.

एका सकाळी वानराचं एक तरणं पोर ढोलीशी आलं आणि आत काडी घालून ढवळू लागलं. म्होरकी नांगी सरसावून निघाली. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "थांब गं. एका काडीपायी कशाला मरतेस? आधी आवाज करून बघू." खालच्या पोळ्यावरच्या सगळ्या जणींनी एकाच वेळी पंख थरथरवले. फाटक्या पंखांनी उडता येत नसलं तरी थरथरता येतं. ढोलीतून असा फूत्कार बाहेर आला की वानराने काडी टाकली आणि दोन झाडं ओलांडूनच मागे पाहिलं. आत किती माश्या आहेत, त्यातल्या किती उडतात, हे त्याला कुठे दिसत होतं? पुढच्या पंधरा दिवसांत एक कांडेचोर, म्हणजे उदमांजर, आला, आणखी वानरं आली, सगळी त्या फूत्कारानेच परत गेली. नांगी एकही खर्ची पडली नाही.

इथे म्होरकीचं चुकलं. राखीव माश्या हाताशी आल्या, आणि त्या स्वस्तही पडतात हे कळल्यावर तिचा हात सैल सुटला. एक दिवस एक खार ढोलीजवळ बसून बेहड्याचं फळ कुरतडत होती. तिचा मधाशी काही संबंध नव्हता. पण समोरच्या कड्यावरून आग्या माश्या बघतायत असं म्होरकीला वाटलं, आणि तिने तीस राखीव माश्यांना हुकूम दिला. त्या बिचाऱ्या हुकमाच्या माश्या. चालत गेल्या, खारीला डसल्या आणि तीसच्या तीस झाडाखाली मरून पडल्या. खार किंचाळत पळाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसली.

कोठारीण इतकी चिडलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. "खारीवर तीस नांग्या? खार मध खाते?"

"दरारा बसायला हवा," म्होरकी म्हणाली. "आणि नाहीतरी त्या मरायच्याच होत्या."

"आयजीच्या जिवावर बायजी उदार. त्यांना मी अळ्यांच्या तोंडचा घास काढून पोसलंय, तो खारीसाठी नाही. दाराच्या साठ माश्या तुझ्या, त्यांना हवं ते सांग. राखीव माश्यांना हुकूम द्यायचा तर तो यापुढे आपण दोघींनी मिळून द्यायचा. एकटीचा कुणी ऐकायचा नाही, माझाही नाही."

म्होरकीने मान खाली घातली. ती हेवा करणारी होती, पण खोटी नव्हती. मेलेल्या तीस माश्या तिनेही पाहिल्या होत्या.

पावसाला आठ-दहा दिवस राहिले असतील. ऊन चांगलं वर आलं होतं, फुलांवरच्या माश्या लांब गेलेल्या होत्या, आणि बेहड्याचं खोड हादरलं. अस्वल वर चढत होतं. त्याने ढोलीच्या तोंडात नखं घातली आणि लाकूड ओरबाडायला सुरुवात केली. राखीव माश्यांनी फूत्कार केला. पण अस्वलाला भूक लागलेली होती, ते हललं नाही. आवाजाचा उपयोग संपला होता.

म्होरकी आपल्या माश्या घेऊन तुटून पडली. धैर्याला तोड नव्हती, पण त्या त्याच्या पाठीवर आणि खांद्यावर शिरल्या, आणि त्या दाट केसांत गुरफटून बसल्या. एकीचीही नांगी कातडीपर्यंत पोचेना. अस्वलाने बाहेरचं पोळं ओढून काढलं आणि खाली टाकलं. त्याच्या मागच्या पोळ्यावर राणी होती.

म्होरकी कशीबशी सुटून दारात आली. तिने कोठारीणीकडे पाहिलं. कोठारीणीने म्हातारीकडे पाहिलं. हुकूम द्यायला कोठारीणीचं मन धजेना. ज्या माशीने आपल्याला भरवून मोठं केलं तिला मरायला जा म्हणायचं, हे कुणाला जमेल? पण आता नाही तर कधीच नाही, हेही तिला दिसत होतं.

"जाऊ देत," म्होरकी म्हणाली.

"जा," कोठारीण म्हणाली.

म्हातारी सगळ्यांना म्हणाली, "केसांत शिरू नका. नाक, ओठ, पापणी, तेवढंच बघा." अस्वलाने मध चाटायला तोंड आत घातलं आणि एकशे सत्तर माश्या पोळ्यावरून चालत थेट त्याच्या नाकावर गेल्या. उडायची गरजच पडली नाही. अस्वल ओरडलं, शिंकलं, दोन्ही पंजे नाकाशी नेले आणि पकड सुटून खोडावरून थेट खाली आदळलं. उठलं ते ओढ्याकडे पळालं आणि पाण्यात तोंड बुडवून बसलं. त्या पावसाळ्यात ते पुन्हा त्या झाडाकडे फिरकलं नाही.

संध्याकाळी फुलांवरच्या माश्या परतल्या. एक पोळं गेलं होतं. राणी होती, अळ्या होत्या, आतलं कोठार होतं. खालच्या पोळ्यावर मात्र कुणीच नव्हतं. टोमणे मारणारी ती माशी तिथवर आली आणि मान खाली घालून आत गेली. कोठारीण रडली. माश्यांना रडू येत नाही असं कुणी तुम्हाला सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

तिचं सांत्वन करावं म्हणून म्होरकी म्हणाली, "मध आता पुरेल. तेवढी तोंडं कमी झाली."

"तोंडं म्हणू नकोस त्यांना," कोठारीण म्हणाली. म्होरकीने पुन्हा कधी म्हटलं नाही.

तेवढ्यात दोघींना दारापाशी एक माशी दिसली. ती एक पंख अंगाखाली दाबून, भिंतीला चिकटून बसली होती. कोठारीण जवळ गेली. पंखाची कड फाटली होती.

"मी उद्या जाते," ती माशी घाईघाईने म्हणाली. "आजची रात्र राहू द्या. त्या राखीव होत्या तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आता अस्वल गेलं."

कोठारीण म्हणाली, "अस्वल गेलंय, संपलेलं नाही. खालच्या पोळ्यावर जा आणि बस. वाटा मात्र तिसरा हिस्साच मिळेल, आधीच सांगते."

"पुष्कळ झाला," ती म्हणाली.

रिकाम्या पोळ्यावर ती एकटीच जाऊन बसली. म्होरकी स्वतः कोठारात गेली आणि त्या तिसऱ्या हिश्शाचा थेंब आणून तिच्यापुढे ठेवला.

तात्पर्य : घर लहान आणि कोठार थोडकं असेल, तर राखीव बळ स्वस्तात पोसावं, पण स्वस्तात पोसलं म्हणून ते स्वस्तात उधळू नये.