पात्र बुडायच्या आत

त्या राज्यात सगळे काही डोंगराच्या माथ्यावरून खाली जाई, आणि ते खाली नेण्याचे काम खेचरांचे होते. माथ्यावर कोठार होते, पायथ्याशी वस्ती होती आणि मधे कड्याला चिकटलेली एकच वाट होती. वाट इतकी अरुंद की मागच्या खेचराला पुढच्याला ओलांडता येत नसे.

राज्यात दोन कायदे होते. पहिला साळुंकीच्या ताब्यात होता. रोज सकाळी ती कोठाराच्या कमानीवर बसून एकोणीस नियम म्हणे आणि खेचरे ते तिच्यामागून म्हणत. पाठीवरचा दोर दोनदा तपासा. ओल्या दगडावर आधी एकच पाय टेकवा. वळणावर थांबा, दहा श्वास मोजा, मगच पुढे व्हा. नियम चांगले होते. प्रत्येक नियम कोणाच्या तरी पडण्यातून आलेला होता.

दुसरा कायदा बगळ्यांचा होता. खेचरे दोन-दोनच्या जोडीने निघत. शिंग वाजले की माथ्यावर एक आणि पायथ्याशी एक असे दोन बगळे आपापले, बुडाला भोक असलेले तांब्याचे पात्र पाण्यात सोडत. पात्र बुडायच्या आत गाठोडे पोचले पाहिजे. ज्याला तीनदा उशीर होई, त्याला पलीकडच्या पठारावर सोडून देत. तिथून कोणी परत आले नव्हते. वारा त्या बाजूने असला की कधीकधी खिंकाळणे ऐकू येई, आणि मग कोठारात कोणी कोणाकडे बघत नसे.

करडी नावाची खेचरी आठ वर्षे त्या वाटेवर होती. एकदाही तिचा पाय घसरला नव्हता, कारण ती प्रत्येक वळणावर थांबे. म्हणूनच तिच्या नावावर दोन उशीर लागले होते. दुसरा उशीर लागला त्या दिवशी ती धीर करून माथ्यावरच्या बगळ्यापुढे गेली.

“महाराज, वळणं अकरा आहेत. सगळीकडे दहा श्वास थांबलं तर पात्र बुडतं. पात्राच्या आत पोचायचं तर थांबता येत नाही. मी काय पाळू?”

बगळा एका पायावर उभा राहून पाण्याकडे पाहत होता. त्याने मान वळवली नाही.

“दोन्ही,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून करडीच्या कानात पाण्याची गुडगुड सुरू झाली. चरताना ती गुडगुड थांबत नसे, झोपतानाही थांबत नसे.

धुके उतरलेल्या एका सकाळी तिची जोडी भुराशी लागली. भुरा म्हातारा होता, त्याचे गुडघे आखडलेले होते आणि त्याच्याही नावावर दोन उशीर होते. गाठोडे त्याच्या पाठीपेक्षा रुंद होते. दोर दोनदा तपासायला तो वळला, तोच शिंग वाजले.

“राहू दे,” तो म्हणाला आणि वाटेला लागला. करडी त्याच्या मागे.

पहिल्या सहा वळणांवर दोघेही थांबले नाहीत. खुरांखालून खडे सुटून खाली जात होते आणि ते तळाला लागल्याचा आवाज येत नव्हता. सातव्या वळणावर कड्यातून पाणी झिरपले होते. तिथे भुरा थांबला.

“थोडं दमाने घेऊ, पोरी,” तो म्हणाला आणि मोठ्याने श्वास मोजू लागला. “एक... दोन...”

करडीला पठार दिसले. धुक्यात दुसरे काही दिसतच नव्हते, तरी पठार अगदी स्पष्ट दिसले. गुडगुड इतकी वाढली, की आपण काय बोलतो आहोत हे तिलाच नीट ऐकू आले नाही.

“चला ना, भुराकाका. बुडत असेल आता.”

“तीन,” भुरा म्हणाला आणि त्याने दोन्ही पाय एकदम टाकले.

धुक्यात जिथे तो होता तिथे धुकेच उरले. करडी भिंतीला अंग चिकटवून उभी राहिली. बऱ्याच वेळाने खालून एक आवाज आला, आणि कानातली गुडगुड त्या दिवसांत पहिल्यांदा बंद झाली.

दुपारी कमानीखाली चौकशी झाली.

“तो थांबला होता का?” साळुंकीने विचारले.

“थांबला होता.”

“किती श्वास?”

“तीन.”

“नियम दहाचा आहे.”

“मीच म्हटलं त्यांना, चला म्हणून,” करडी म्हणाली. “पात्र बुडेल म्हणून मला भीती वाटली. मी म्हटलं नसतं तर ते थांबले असते.”

साळुंकीने पंख नीट मिटले.

“ते विचारलेलं नाही,” ती हळूच म्हणाली.

एवढ्यात पायथ्याचा बगळा उडत वर आला. घाईत उडालेला बगळा कोणी कधी पाहिला नव्हता.

“गाठोडं पोचलं,” तो धापा टाकत म्हणाला. “वस्तीच्या चौकात. वरची लाखेची मोहोर शाबूत. आणि पात्र तेव्हा निम्मंसुद्धा भरलं नव्हतं.”

चौकात गाठोड्याबरोबर आणखी काय पोचले, हे त्याने सांगितले नाही. दोन्ही बगळे चोचीला चोच लावून कुजबुजत राहिले, आणि करडीचा तिसरा उशीर नोंदवायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होते. साळुंकीने विसावा नियम सांगितला: वळणावर घाई करू नका. सगळ्यांबरोबर करडीनेही तो म्हटला. पात्र नवे होते आणि त्याचे भोक मोठे होते. शिंग वाजले. आज ती पुढे होती आणि मागे हिरा नावाची एक तरणी खेचरी होती.

सातव्या वळणावर करडी थांबली आणि श्वास मोजू लागली.

“करडीमावशी,” मागून हिराचा बारीक आवाज आला, “चला ना.”

करडी हलली नाही. “मोज माझ्याबरोबर,” ती म्हणाली आणि तिने कड्यावरून खाली पाहिले. रोज वाट संपते तिथे पात्र मांडलेले असे. आज तिथे कोणी नव्हते. पात्र वस्तीच्या चौकात, कड्याच्या बरोबर खाली ठेवले होते. आणि त्याच्या शेजारी बगळा, वाटेकडे पाठ करून, मान वर करून उभा होता.