येसूला कुणी विचारलंच नाही

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि तुमच्या मागे बसलेल्या मोठ्या माणसांनीही नीट ऐकावं. ही गोष्ट मला गोड आवाजात सांगता येत नाही. सांगायला लागले की राग येतो. तो येऊ द्या.

त्या राज्याच्या राजाला एक मुलगा होता. तो एका जागी बसत नसे. धनुष्य घेऊन निघाला की बाण विसरून जाई. दरबारात नगारा वाजला की कानांवर हात ठेवून पळत सुटे. आधी त्याला मार बसला. मग राजवैद्यांनी त्याला पुष्कळ दिवस जवळ ठेवून घेतलं आणि राजाला सांगितलं, "महाराज, राजपुत्र खोडकर नाही, मंदही नाही. त्याचं मन निराळ्या घडणीचं आहे. त्याला त्याच्या रीतीने शिकवा, म्हणजे शिकेल."

राजाने ऐकलं. नगराबाहेर एका आमराईत त्याने शाळा काढली. तिथे गोंगाट नव्हता. एका वेळी एकच काम सांगत. बसवेना तर उठून फिरायची मुभा होती. राज्यात अशी जितकी मुलं असतील तितकी शोधून आणा, त्यांना मारू नका, असं फर्मान निघालं. काम चांगलं होतं. ते मी नाकारत नाही.

पण अशी मुलं ओळखायची कशी? वैद्यांनी राजपुत्राकडे पाहून खुणा सांगितल्या. मूल धावतं, झाडावर चढतं, वस्तू मोडतं, ओरडतं, भांडतं. गावोगावच्या पाटलांनी त्या खुणा पाठ केल्या. त्या मुलग्यांच्या खुणा होत्या. एकाही मुलीकडे कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नदीकाठच्या एका गावात एका माणसाचा पानमळा होता. त्याला जुळी झाली, हैबत आणि येसू. बाळंतपणातच त्यांची आई गेली. मुलांना त्यांच्या आत्याने, चिमाबाईने वाढवलं. चिमाआत्या तरुणपणीच सासरहून परत आली होती. आली म्हणजे पाठवली होती. दूध उतू घालवते, हाक मारली तर ऐकत नाही, पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही आणि उघडलं तर थांबत नाही, असं सासरच्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ती भावाच्या मळ्यात विड्याची पानं निवडत बसे आणि स्वतःला मठ्ठ म्हणे.

हैबत धावायचा, चढायचा, मोडायचा. पाटलाने खुणा जुळवल्या आणि त्याला आमराईत पाठवलं. वर्षभराने तो सुट्टीत आला तेव्हा हसत आला. लोक म्हणाले, "बघा, पोराच्या मनाची घडण ओळखली, केवढं बरं झालं!"

येसूचं मन त्याच घडणीचं होतं. दोघं एकाच पोटात वाढलेली. पण तिच्या घडणीला गावाने वेगळी नावं ठेवली. ती विहिरीवर कळशी विसरून आली, चुलीवरचं दूध उतू घालवलं की वेंधळी. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघवेना म्हणून मान खाली घातली की लाजाळू. नवं लुगडं अंगाला टोचतं म्हणून रडली की नखरेल. मनात आलं ते बोलली की आगाऊ. भावाला वैद्य मिळाले, बहिणीला टोमणे मिळाले.

येसू हुशार होती. टोमण्यांतून सुटायचं कसं हे ती एकटीच शिकली. शेजारच्या गिरजेचं सगळ्यांना कौतुक होतं, म्हणून ती गिरजेकडे बघत राहिली. गिरजा केव्हा हसते, मान कशी कलती करते, "अगंबाई" कुठे म्हणते, सगळं तिने उचललं. लोक म्हणाले, "सुधारली हो पोर!"

सुधारली नव्हती. लपली होती.

दिवसभर लपून ती घरी आली की पानवेलींच्या सावलीत जाऊन डुलत बसे. कुणाशी बोलत नसे. पुढे तिची भूक गेली, झोप गेली. बाप तिला नगरात घेऊन गेला. वैद्यांच्या वाड्याला दोन दारं होती. मुलगे पुढच्या दाराने आत जात. मुलींना मागच्या दाराशी थांबवत. तिथे वैद्यांचा एक शिष्य बसलेला असे. त्याने येसूकडे मान वर करूनही पाहिलं नाही. "बायकी दुखणं आहे," म्हणाला आणि झोपेची मुळी पुडीत बांधून दिली. त्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकीला तो तीच मुळी देई.

मुळीने येसूला झोप येई, पण दिवसाही डोकं जड राही. आता लपणंही जमेना.

अशातच तिचं लग्न ठरलं. सुपारी फोडायला वराकडची माणसं आली. मांडवात ताशे वाजत होते, उदबत्त्यांचा धूर भरला होता, जरीचं लुगडं गळ्याशी काचत होतं. इकडून एकीने ओढावं, तिकडून दुसरीने. येसूने पुष्कळ वेळ ओठ ताणून हसू धरून ठेवलं. मग ताशेवाला अगदी तिच्या कानाशी येऊन वाजवू लागला. तिने ओटीचं ताट भिरकावलं, दोन्ही कान दाबले आणि खाली बसून किंचाळायला लागली.

वराची आई उठली. "पोर झपाटलेली आहे. आम्हाला फसवता काय?"

पाटील म्हणाला, "बाहेरचं आहे हे. भगताला बोलवा."

मुलांनो, त्यांनी काय केलं ते मी सांगणार आहे, कारण झाकून ठेवलं की तेच पुन्हा होतं. त्यांनी तिला पानं ठेवायच्या खोलीत कोंडलं. मिरच्यांची धुरी दिली. भगताने लिंबाच्या डहाळीने मारलं. पाटील दाराशी उभा राहून बघत होता. हैबतला मारू नका म्हणून फर्मान वाचून दाखवणारा हाच पाटील. येसूचा बाप मान खाली घालून ओट्यावर बसून राहिला. येसूने आधी ओरडून पाहिलं, मग ती बोलायचीच थांबली.

भगत निघून गेल्यावर चिमाआत्याने कडी काढली. येसू कोपऱ्यात बसून डुलत होती आणि पदराचा काठ बोटांत चोळत होती, एकसारखा. आत्या बघतच राहिली. सासरी माळ्यावर लपून ती स्वतः असंच करत असे, असाच काठ चोळत, असंच डुलत. आजवर हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्याला रडू आलं नाही, राग आला.

ती भावाला म्हणाली, "गाडी जुंप. हिला नगरात न्यायचंय."

"चिमे, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणायचं बाकी ठेवलंय? आपल्या दारात पोरीला मारलं, तू बसून राहिलास. आता ऊठ."

तो उठला.

नगरात आत्या वैद्यांच्या वाड्याकडे गेलीच नाही. येसूला घेऊन सरळ राजाच्या दरबारात जाऊन उभी राहिली. तिने सगळी हकीकत सांगितली. शब्द अडखळत होते, पण ती थांबली नाही. राजाने वैद्यांकडे पाहिलं.

वैद्य शांतपणे म्हणाले, "महाराज, या बाईंचं दुःख मला समजतं. पण निराळ्या घडणीचं मन बायकांत नसतं. इतक्या वर्षांत माझ्याकडे अशी एकही मुलगी आली नाही."

"येईल कशी?" आत्या म्हणाली. "तुमचा माणूस तिला मागच्या दाराला पाठवतो. मागच्या दारात तुम्ही कधी बसलात?"

"बाई, मी शास्त्राचं बोलतो."

"शास्त्र तुम्ही अर्ध्या राज्याकडे बघून केलंत, वैद्यराज. उरलेल्या अर्ध्याला मुळी वाटलीत."

दरबारात कुजबुज वाढली. राजाने हात वर केला. "मुलीला तपासा. आत्ता, माझ्यासमोर."

"आधी हे चौघडे बंद करा," आत्या म्हणाली, "आणि ही गर्दी बाहेर काढा. इतक्या आवाजात ती बोलणार नाही. तुमचा राजपुत्र बोलला असता का?"

राजाने चौघडा थांबवला, माणसांना बाहेर पाठवलं. वैद्य येसूसमोर बसले आणि त्यांनी नेहमीच्या खुणा विचारल्या. धावतेस? झाडावर चढतेस? वस्तू मोडतेस? भांडतेस? येसू प्रत्येक वेळी मानेने नाही म्हणाली.

"पाहा, महाराज," वैद्य म्हणाले.

"अहो, धावत नाही हे कळलं," आत्या म्हणाली. "धावावंसं वाटतं तेव्हा ती काय करते, ते विचारा की!"

वैद्यांनी नाखुशीने विचारलं. येसू कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिली. कुणी तिला घाई केली नाही. मग मांडवातल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा बोलली.

"गाल आतून चावते. रक्ताची चव आली की बसता येतं."

वैद्य जरा पुढे सरकले. "आणि माणसांशी बोलताना?"

"दोन भुवयांच्या मधे बघते. डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं त्यांना. काय बोलायचं ते आधी पाठ करते. गिरजा बोलते तसं."

"दूध उतू का जातं तुझ्या हातून?"

"मी दुधाकडेच बघत असते. पहिला बुडबुडा कसा येतो ते बघते. मग बुडबुडाच दिसत राहतो, दूध राहून जातं."

"मुळीने बरं वाटलं का?"

"नाही. लपायला ताकद लागते, ती गेली."

"हे सगळं तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस, बाळ?"

"कुणी विचारलंच नाही," येसू म्हणाली.

वैद्यांचा चेहरा उतरला. राजपुत्र लहान असताना अशीच उत्तरं देत असे, फक्त त्याला प्रश्न विचारले गेले होते. ते म्हणाले, "महाराज, मी वागणं पाहून खुणा लिहिल्या. हिने वागणं झाकलं, कारण झाकायला आपणच शिकवलं. माझी चूक झाली."

"चूक?" आत्याचा आवाज चढला. "हातातून पेला पडतो ती चूक. तुमच्या मागच्या दाराशी रोज पोरी उभ्या होत्या, आणि तुम्ही भिंतीपलीकडे बसून म्हणत होतात, एकही आली नाही. मला सासरहून परत पाठवलं तेव्हा मी हिच्याएवढी होते. तेव्हापासून रोज मी स्वतःला मठ्ठ म्हणत आले. माझा सगळा जन्म त्यात गेला. त्यावर कुठली मुळी आहे तुमच्याकडे?"

खरं सांगायचं तर त्यावर कुणाकडेच मुळी नसते.

राजाने हुकूम दिला. मागचं दार बुजवलं गेलं. वैद्यांनी स्वतः गावोगाव फिरून मुलींजवळ बसावं, त्यांना विचारावं आणि त्या सांगतील ते ऐकावं, असं ठरलं. धुरी आणि डहाळी बंद झाली. पाटलाची पाटीलकी गेली. मग वैद्य हिंडले तिथे तिथे अशा मुली निघाल्या. चुलीपाशी, विहिरीवर, मांडवात, सगळीकडे. कुणी हसऱ्या, कुणी गप्प, कुणी सगळ्यांना आवडणाऱ्या. आणि पुष्कळशा त्यांच्या आयाही निघाल्या.

येसू आमराईत शिकायला गेली. ती काही बदलली नाही, बदलायची गरजही नव्हती. तिच्या हातून दूध अजून उतू जाई. ताशे वाजणार असले की ती घरीच राही, आणि तिला कुणी ओढून नेत नसे. फक्त गिरजेसारखं हसणं तिने सोडून दिलं. ती कमी हसू लागली, पण जे हसे ते तिचं असे.

राजाने चिमाआत्याला मानाची शाल पाठवली. शाल घेऊन स्वतः वैद्यच आले होते. आत्या पानं निवडत होती. तिने शालीला हात लावला नाही.

"माफ करा मला," वैद्य म्हणाले.

"ते मला जमणार नाही," आत्या म्हणाली. "स्वतःला वेडी समजत ज्या मेल्या, त्यांच्यातल्या एकीला जरी पांघरता आली तर ही शाल तिला द्या. नाहीतर परत न्या. आणि इथे बसून राहू नका, पलीकडच्या गावात अजून गेला नाहीत तुम्ही."

वैद्य उठले आणि पलीकडच्या गावाला गेले.

बोध: मुलगी गप्प आहे म्हणून तिचं बरं चाललंय असं समजू नका, तिला विचारा, तिचं ऐका, आणि मुलग्याला जो आधार देता तोच तिला वेळेवर द्या, कारण गेलेली वर्षं कुणालाच परत देता येत नाहीत.