दोरवाल्याच्या घरातली चूक

फार जुनी गोष्ट आहे, बाबांनो. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. या काठापासून त्या काठाला दोर ताणलेला असे आणि तो धरून माणसं नाव पलीकडे ओढून नेत.

त्या काळी एका गावात अंबाडीचे दोर वळणारा एक म्हातारा होता. घरात दोन मुलगे, दोन सुना. सात पिढ्या त्या घरचा दोर कधी तुटला नव्हता.

घराची एक चाल होती. दोर तयार झाला की तो सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. काल आलेल्या सुनेनं जरी "नाही" म्हटलं, तरी तो उलगडून पुन्हा वळायचा. त्यावरून रोज वाद. थोरला मुलगा धाकट्या सुनेबद्दल म्हणायचा, "हिच्या बोटांना भाकरीतसुद्धा खडा लागतो." धाकटी सून जावेकडं बघून म्हणायची, "जाऊबाई, दळण तुमचंच ना आजचं?" म्हातारा हसायचा आणि दोर उलगडायला घ्यायचा.

राजाला वाटलं, अशी घरं राज्यात आणखी व्हावीत. त्यानं त्या घराची रीत लिहून आणायला एक पंडित पाठवला. पंडित मनाचा चांगला. पण रोज एकच विचारी, "तुमचं चुकतं कुठं?"

म्हाताऱ्यानं असा विचार कधी केलाच नव्हता. पण एवढा शहाणा माणूस विचारतोय म्हणून तो चुका शोधू लागला. मग सगळेच एकमेकांच्या शोधू लागले. पंडित लिहून घेई. महिनाभरात चुकांचं मोठं बाड झालं.

जाताना पंडित म्हणाला, "दहातले तीन दोर उगाच उलगडता. घरात तोंडं फार झालीत. एकानंच ठरवावं."

"बरं, महाराज," म्हातारा म्हणाला. त्याला लाज वाटली होती.

तेव्हापासून दोर एकटा थोरला पारखू लागला. वाद मिटले. घर गप्प झालं. म्हाताऱ्याला ते गप्पपण सोसेना, पण पंडिताच्या शब्दापुढं बोलायचं काय?

पुढच्या पुरात नदीवरचा नवा दोर तुटला. नाव धारेला लागली. नावेत धाकटा मुलगा होता. तिसऱ्या दिवशी सापडला.

तेरावं झाल्यावर म्हातारा धाकट्या सुनेपाशी येऊन बसला. "पोरी, वळताना तो दोर तुझ्या हाताखालून गेला होता ना?"

"गेला होता, मामंजी. मध्ये एका जागी अंबाडीचा वाख कुजका लागला."

"मग बोलली कशी नाहीस?"

"विचारलं कुणी?" ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं पुन्हा दोराला हात लावला नाही. राजाच्या दप्तरात त्या घराच्या चुका आजही नीट लिहिलेल्या आहेत. ते सात पिढ्या कशानं टिकलं, याची मात्र एक ओळ नाही.

म्हणून सांगतो, कुणाचं घर पारखायला जाल, तर त्याचं काय चुकतं हे विचारण्याआधी ते कशावर उभं आहे, ते विचारा.