अकरावा पेला

“पण ‘वाटेतले’ म्हणजे नेमके कोण, बाबा?”

भास्करने तिसऱ्यांदा विचारलं. तालुक्याच्या कचेरीतून तो खिंडीतल्या फकिराकडे, दस्तगीरबाबांकडे आला होता. गावोगावच्या माणसांच्या याद्या संगणकावर एकत्र करायच्या होत्या, आणि या कामात आपला हात कुणी धरू शकणार नाही अशी त्याची खात्री होती. एका यादीतला शब्द दुसरीतल्या शब्दाशी जुळवला की काम फत्ते.

बाबांच्या वहीत तीनच रकाने होते. इथले, गेलेले, वाटेतले.

“इथले म्हणजे जिवंत. गेलेले म्हणजे मृत. वाटेतले म्हणजे आमचे बेपत्ता,” भास्कर म्हणाला. “जुळलं.”

“मग?”

मग काय, नियमच होता. बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की संगणक त्या माणसाला मृतांत टाकायचा. बाबांकडे वाटेतले अकरा होते. अकरावं नाव सुदामचं, भास्करच्या थोरल्या भावाचं. बारा वर्षांपूर्वी तो खिंड चढला आणि पलीकडे उतरलाच नाही. वहिनी अजून त्याचं ताट वाढायची. भास्करला ते बघवत नव्हतं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

बाबा उठले. टळटळीत दुपार होती, झाडाचं पान हलत नव्हतं. चिंचेखाली मातीचे अकरा पेले ओळीने मांडले होते. भास्कर आला तेव्हा बाबांनी ते त्याच्यासमोरच पाण्याने काठोकाठ भरले होते. वाटेतल्यांसाठी, रोजच्यासारखे.

“वाटेतल्यांतून नाव काढलंस तर त्याचा पेला पालथा घालावा लागतो. शेवटचा तुझ्या घरचा... तूच घाल.”

एवढंच ना, म्हणत भास्कर वाकला.

दहा पेले भरलेले होते. अकरावा अर्धा झाला होता. त्याच्या काठावर चुन्याचं ओलं बोट पुसलेलं होतं.

सुदामची ती खोडच होती. तंबाखू मळली की चुन्याचं बोट हाताला लागेल त्या वस्तूला पुसायचा. आई त्यावरून जन्मभर ओरडली. बाबा तर तंबाखूला शिवतही नव्हते.

भास्करने पेला उचलला आणि मागे पाहिलं. वाट दोन्हीकडे मोकळी होती आणि धुळीत त्याच्या एकट्याच्याच चपला उमटल्या होत्या. त्याला भीती वाटली. भीतीहून जास्त रडू आलं.

“बाबा... दादा जिवंत आहे की मेलाय?”

बाबांनी त्याच्या हातातून पेला घेतला. पुन्हा काठोकाठ भरला. जागेवर ठेवला.

“हा प्रश्न तुझ्या यादीतला. माझ्या वहीला विचार... कुठवर आलाय.”